दोन गावांचा जमाखर्च शेजारी मांडताना

उरण-पनवेल पट्ट्यात निवडणूक ग्रामपंचायतीची असो की महापालिकेची, एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारच्या गावात गटारं बांधून झाली, रस्त्यावर दिवे लागले, नळाला रोज पाणी येतं. मग आमच्याच गावात घोडं कुठे अडलं? आमची घरपट्टी जाते कुठे?

न्हावा शेव्याच्या आसपास या प्रश्नाला जास्त धार आहे. २६ मे १९८९ रोजी इथलं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. हे बंदर आणि त्याआधीपासून आकाराला येत असलेली नवी मुंबई, या दोन्हींसाठी इथल्या आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी आटली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. एवढं देऊन बसलेल्या गावांनी ‘आमच्या वाट्याला काय आलं’ असं विचारणं हा त्यांचा हक्क आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत मिळायला हवं.

आकडे आहेत. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका या सगळ्यांना आपला जमाखर्च लिहून ठेवावा लागतो, त्याचं लेखापरीक्षण होतं आणि नागरिकाला तो पाहता येतो. कर किती लावायचा, सूट कुणाला द्यायची, खर्च आधी कशावर करायचा, ही जी स्थानिक धोरणं आपण म्हणतो, ती सगळी अखेर याच वह्यांत उतरतात. अडचण एवढीच की दोन गावांचे आकडे नुसते शेजारी ठेवले तर बहुतेक वेळा ते दिशाभूल करतात. ते नीट बोलू लागावेत म्हणून आधी काय काय करावं लागतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. काम नेमकं कुणाचं?

न्हावा शेवा हे नाव आपण एका दमात घेतो, पण न्हावा पनवेल तालुक्यात आहे आणि शेवा उरण तालुक्यात. बंदरासाठी जुनं शेवा गाव आणि शेवा कोळीवाडा उठवला गेला, त्यांचं पुनर्वसन दुसरीकडे झालं. या दोन नावांच्या अवतीभवती फिरलं की महाराष्ट्रातल्या स्थानिक कारभाराचे जवळजवळ सगळे नमुने भेटतात. न्हाव्याला ग्रामपंचायत आहे. उरण शहराला नगरपरिषद आहे. पनवेलला १ ऑक्टोबर २०१६ पासून महापालिका आहे. बेलापूरच्या बाजूला नवी मुंबई महापालिका, ती १९९२ पासूनची. या सगळ्यांच्या मधून वावरणारी सिडको ही १९७० साली स्थापन झालेली राज्य सरकारची कंपनी. तिने जमिनी घेतल्या, वसाहती उभ्या केल्या आणि कित्येक वर्षं तिथले रस्ते, पाणी, कचराही तिनेच सांभाळला. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राचं नियोजनही तिच्याकडेच आलं. बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरण.

म्हणजे एकाच रस्त्याने अर्धा तास गेलं तरी पायाखालच्या डांबराचा खर्च तीन-चार वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेला असू शकतो.

समजा दोन भाऊ आहेत. धाकटा कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. भाडं, वीज, पाणी कंपनी भरते. थोरल्याने घर घेतलंय, तो दरमहा हप्ता भरतो आणि सोसायटीचं मेंटेनन्सही देतो. दोघांच्या खर्चाच्या वह्या शेजारी ठेवून थोरल्याला उधळ्या ठरवलं तर तो अन्याय होईल. स्थानिक संस्थांची तुलना करताना नेमका हाच अन्याय सर्रास होतो.

पाण्याचं उदाहरण घ्या. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूरच्या बाजूचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे. धरणाची देखभाल, शुद्धीकरण, शहरापर्यंतची जलवाहिनी, घरापर्यंतचं वितरण, हा सगळा खर्च एकाच संस्थेच्या वहीत येतो. पनवेलकडे नगरपालिकेच्या काळापासूनचं देहरंग धरण आहे, पण ते पुरत नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून पाणी घ्यावं लागतं. सिडकोच्या वसाहतींना पाणी सिडकोमार्फत आलं, त्यात पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणीही आहे. उरण शहर आणि आसपासच्या ग्रामपंचायती एमआयडीसीच्या रानसई धरणावर अवलंबून. आता तिन्ही ठिकाणच्या अंदाजपत्रकांत ‘पाणीपुरवठा’ हे एकच शीर्षक दिसेल, पण एकीकडे त्याचा अर्थ धरण चालवणं असा आहे, दुसरीकडे पाणी विकत घेणं असा, आणि तिसरीकडे अर्धं काम दुसऱ्याच्याच वहीत आहे. नवी मुंबई पाण्यावर माणशी जास्त खर्च करते म्हणून ती जास्त काळजी घेते, किंवा जास्त उधळपट्टी करते, असे दोन्ही निष्कर्ष इथे फसतात.

यावर उपाय दोन. एक तर त्या भागात काम करणाऱ्या सगळ्या संस्थांच्या वह्या एकत्र करायच्या, सिडकोसह. हे काम अभ्यासकाचं आहे आणि वेळखाऊ आहे. दुसरा उपाय सामान्य वाचकालाही जमणारा: जेवढं काम दोन्हीकडे स्थानिक संस्था स्वतःच करते, तेवढ्यापुरतीच तुलना करायची. पाणी कुठून आणलं हे बाजूला ठेवून गावातल्या नळजोडण्यांची देखभाल, गळती, पाणीपट्टीची वसुली एवढंच ताडून पाहायचं. पथदिवे, गटारं, शाळाखोल्या, अंगणवाडी यांबाबतही आधी हाच प्रश्न विचारायचा.

प्रकल्पग्रस्त गावांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवायला हवी. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेखाली जे भूखंड मिळाले किंवा मिळायचे राहिले, त्यांचा हिशेब ग्रामपंचायतीच्या वहीत कुठेच नसतो. तेव्हा गावाला प्रकल्पातून काय मिळालं याचं मोजमाप ग्रामपंचायतीच्या जमेवरून करता येणार नाही. तसं जो करतो, तो गावाच्या बाजूने बोलत असो की विरुद्ध, चुकीच्या वहीत बघतो आहे.

२. मथळ्यातला आकडा आणि रकान्यातला आकडा

फेब्रुवारी-मार्च आला की बातम्या येतात: अमुक महापालिकेचं इतक्या हजार कोटींचं शिलकी अंदाजपत्रक सादर. या एका ओळीत तीन गोष्टी समजून घ्यायच्या असतात.

पहिली, त्या एकूण आकड्यात आरंभीची शिल्लक धरलेली असते. गेल्या वर्षीचा न खर्चलेला पैसा या वर्षीच्या जमेत पहिल्याच ओळीत येऊन बसतो. ज्या पालिकेने गेल्या वर्षी कामं केलीच नाहीत, तिचं या वर्षीचं अंदाजपत्रक त्यामुळे जास्त फुगलेलं दिसू शकतं. म्हणून तुलनेसाठी एकूण आकड्यातून आरंभीची शिल्लक वजा करूनच सुरुवात करावी.

दुसरी, ‘शिलकी’ असणं हे यश नाही. महापालिकांच्या कायद्याप्रमाणे वर्षअखेर काही शिल्लक दाखवणारं अंदाजपत्रकच मांडावं लागतं, तुटीचं मांडता येत नाही. म्हणून सगळीच शिलकी असतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो अंदाज असतो. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक शीर्षकासमोर साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्या रकान्याची होते. धोरण पहिल्या रकान्यात सापडतं. समजा एका पालिकेने रस्त्यांसाठी १०० कोटी धरले, डिसेंबरनंतर ते सुधारून ७० केले आणि वर्षअखेर प्रत्यक्षात ४५ खर्च झाले. शेजारच्या पालिकेने ६० धरले आणि ५५ खर्च केले. मथळे वाचले तर पहिली पालिका रस्त्यांना जास्त महत्त्व देते. रकाने वाचले तर दुसरी. चार-पाच वर्षांची पुस्तकं काढून एकाच शीर्षकाचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं प्रमाण मांडून पाहा. कोणत्या कामासाठी पैसा नुसता दाखवला जातो आणि कोणत्या कामावर खरोखर लागतो, ते तिथे उघड होतं. माझ्या मते स्थानिक कारभाराच्या आकड्यांतला हा सर्वांत बोलका आकडा आहे, आणि तो काढायला भागाकारापलीकडे काही येत नसलं तरी चालतं.

याच ठिकाणी महसुली आणि भांडवली हा भेद समजून घेऊ. पगार, वीजबिल, औषधफवारणी, दुरुस्ती हा दरवर्षी येणारा खर्च महसुली. जलकुंभ, पूल, इमारत हा एकदाच होणारा आणि पुढे अनेक वर्षं उपयोगी पडणारा खर्च भांडवली. ज्या वर्षी गावात जलकुंभ झाला त्या वर्षीचा खर्च शेजारच्या गावाच्या साध्या वर्षाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. भांडवली खर्चाची निदान पाच वर्षांची सरासरी घ्यावी, महसुली खर्च वर्षावर वर्ष ताडून पाहावा.

३. मिळवलेला पैसा आणि आलेला पैसा

आता जमेच्या बाजूकडे वळू. इथे मुख्य प्रश्न असा की हातातल्या पैशावर त्या संस्थेचा स्वतःचा किती अधिकार आहे.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या पंचायतींच्या वित्तस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ या वर्षी एका पंचायतीचं सरासरी उत्पन्न २१ लाख रुपयांच्या आसपास निघालं. त्यातला स्वतःच्या करांचा भाग सुमारे २१ हजार, फी-भाडं वगैरे करेतर उत्पन्न सुमारे ७३ हजार. बाकी जवळजवळ सगळं केंद्र आणि राज्याचं अनुदान. म्हणजे देशातली सरासरी पंचायत शंभरातले पाच रुपयेही स्वतः उभे करत नाही.

अनुदानाला अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम ‘बंधित’ होती, ती पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावी लागे. ४० टक्के ‘अबंधित’. महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत होता. दोन ग्रामपंचायतींनी पाण्यावर सारखाच खर्च केलेला दिसला तर त्यावरून दोन सरपंचांचे विचार जुळतात असं म्हणता येत नाही; दोघांच्या हातावर एकच अट बांधलेली आहे. स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. या अटी चांगल्या कारणांसाठी आहेत. पण धोरणांची तुलना करायची तर हा बांधलेला भाग बाजूला काढून, जिथे निवड करायला वाव होता तेवढाच भाग पाहायला हवा.

न्हावा शेवा परिसरातल्या पंचायती देशाच्या सरासरीत बसत नाहीत. इथे गोदामं आहेत, कंटेनर यार्ड आहेत, कारखाने आहेत. त्यांच्यावरच्या कराने काही पंचायतींची जमा घरपट्टीवर चालणाऱ्या गावांच्या कितीतरी पुढे जाते. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे कारखान्याकडून करांऐवजी वर्षाला ठोक रक्कमही घेता येते, तेव्हा एका मोठ्या कारखान्याची जमा वहीत एकाच ओळीत येऊन जाते. बंदराच्या हद्दीतल्या मालमत्तांवर कर किती आणि कसा लावायचा यावरून पंचायती आणि बंदर प्रशासन यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालले. असा वाद ज्या वर्षी मिटतो त्या वर्षी मागची सगळी थकबाकी एकदम जमा होते आणि आलेख उसळी मारतो. पुढच्या वर्षी तो खाली येतो. दोन्ही वेळा सरपंचाचं कर्तृत्व त्यात नसतं.

मुद्रांक शुल्काचंही तसंच. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर एक टक्का जादा मुद्रांक शुल्क जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी घेतलं जातं आणि त्याचा वाटा पंचायतीला अनुदान म्हणून मिळतो. विमानतळ, नैना आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू यांनी इथल्या जमिनीच्या व्यवहारांना जो वेग दिला, तो या अनुदानात उतरतो.

महापालिकांच्या जमेत अशीच एक ओळ आहे, वस्तू व सेवा करापोटी मिळणारी भरपाई. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यावर राज्याने २०१७ च्या कायद्याने ती सुरू केली: २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची. ज्या महापालिकेत त्या वर्षी व्यापार मोठा होता तिला त्याचा लाभ आजही मिळतो. पनवेल महापालिका त्या पायाभूत वर्षाच्या नेमक्या मध्यावर जन्मली. तेव्हा नवी मुंबई आणि पनवेल यांच्या एकूण उत्पन्नाची तुलना करताना ही ओळ वगळून एकदा बेरीज करून पाहावी.

४. मागणी आणि वसुली

करधोरणाची खरी परीक्षा इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

ग्रामपंचायतीत ‘नमुना ८’ ही कर आकारणीची नोंदवही: कोणाचं घर, किती क्षेत्रफळ, बांधकाम कसलं, कर किती. ‘नमुना ९’ ही मागणीची नोंदवही: या वर्षी कोणाकडून किती येणं, त्यातलं जुनं किती. आणि ‘नमुना १०’ म्हणजे कर भरल्यावर मिळणारी पावती. या तीन कागदांत तीन वेगळे निर्णय दडलेले आहेत. मोजणी नीट केली का, मागणी नीट मांडली का आणि वसुली झाली का. गावातली निम्मी नवी बांधकामं नमुना ८ मध्ये चढवलीच नसतील, तर वसुली १०० टक्के असूनही तिजोरी रिकामीच राहणार.

आता दोन कल्पित गावं घेऊ. ‘अ’ गावाची चालू मागणी १० लाख, जुनी थकबाकी २ लाख. वर्षभरात वसुली ९ लाख, त्यात साडेआठ लाख चालू आणि पन्नास हजार जुनी. ‘ब’ गावाची चालू मागणी १० लाख, पण थकबाकी १५ लाख. वसुली १२ लाख, त्यात ८ लाख चालू आणि ४ लाख जुनी.

एकूण मागणीला एकूण वसुलीने ताडलं तर ‘अ’ ७५ टक्के, ‘ब’ ४८ टक्के. ‘ब’ ची बेअब्रू होते. पण चालू कर वेगळा काढला की ‘अ’ ८५ आणि ‘ब’ ८० टक्के, फरक पाचच टक्क्यांचा. थकबाकीची वसुली पाहिली तर ‘अ’ २५ टक्के आणि ‘ब’ जवळजवळ २७ टक्के. आजचा कारभार दोन्हीकडे सारखाच आहे. ‘ब’ च्या डोक्यावर आधीच्या लोकांनी ठेवलेलं ओझं आहे. वसुलीची टक्केवारी वाचताना ‘चालू की एकूण?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पनवेलमध्ये हाच प्रश्न शहराच्या आकाराचा झाला. २०१६ साली महापालिका झाली तेव्हा जुनी पनवेल नगरपालिका, खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल यांसारख्या सिडकोच्या वसाहती आणि २९ गावं एकत्र आली. वसाहतींतली कुटुंबं सिडकोला सेवाशुल्क देत होती. महापालिकेची मालमत्ता कराची देयकं २०२१ मध्ये हाती पडली, आणि त्यात कर १ ऑक्टोबर २०१६ पासूनचा होता. रहिवाशांचं म्हणणं असं की त्या काळात सेवा सिडकोने दिल्या, पैसे तिने घेतले. मग त्याच वर्षांचा कर पुन्हा कशाला? महापालिकेची बाजू अशी की संस्था स्थापन झाली त्या दिवसापासून कर लागू होतो. मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

न्याय कोणाच्या बाजूने, हा इथला विषय नाही. पण आकडे वाचणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. एक, पहिल्याच देयकात जवळजवळ पाच वर्षांची मागणी एकवटली. शिवाय थकीत करावर महापालिका दरमहा २ टक्के शास्ती लावतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. माणूस कर भरत नसतानाच मागणीचा आकडा वाढत जातो. अशा महापालिकेची वसुलीची टक्केवारी, जिथे वर्षानुवर्षं देयकं नियमित निघत आली त्या नवी मुंबईच्या टक्केवारीशेजारी ठेवणं निरर्थक आहे. पुढे शास्तीत सूट देणारी अभय योजना आली की एका वर्षात वसुली उंच जाते. ती पुढच्या वर्षांतली वसुली आधीच ओढून आणते आणि वेळेवर भरणाऱ्याला ‘थांबलो असतो तर बरं झालं असतं’ असं वाटायला लावते. म्हणून अभय योजनेचं मूल्यमापन तीन वर्षं मिळूनच करावं.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: तुलना संस्थेच्या वहीवरून करण्याऐवजी घरावरून करून पाहा. खारघरमधलं एक घर आणि नेरूळमधलं तेवढंच घर घ्या. दोन्ही घरांनी एका वर्षात मालमत्ता कर, सेवाशुल्क, पाणीपट्टी मिळून सगळ्या सार्वजनिक संस्थांना काय दिलं, ते जोडा. नवी मुंबईने अनेक वर्षं करवाढ न करता अंदाजपत्रकं मांडली आहेत. पनवेलचा कर नवा आहे. दरपत्रकातले आकडे ताडून ‘इथे महाग, तिथे स्वस्त’ म्हणण्यापेक्षा घराच्या दारात पडलेल्या सगळ्या देयकांची बेरीज खरं सांगते. ही बेरीज दहा-बारा शेजाऱ्यांनी मिळून केली तर ती कुठल्याही सभेत मांडता येईल इतकी भक्कम असते.

५. सूट हाही खर्चच

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. छोट्या घरातल्या कुटुंबाला त्याने खरा दिलासा मिळाला. पण महापालिकेच्या खर्चाच्या बाजूला ‘करमाफी’ अशी ओळ नसते. ती रक्कम जमेतून गुपचूप कमी होते. तेवढेच पैसे एखाद्या शहराने छोट्या घरांच्या वस्तीतल्या शौचालयांवर खर्च केले तर ते खर्चात दिसतात. एकाने दिलेलं दिसत नाही आणि दुसऱ्याने दिलेलं दिसतं. तुलना करताना माफ केलेल्या कराची अंदाजे रक्कम खर्चाच्या बाजूला मांडावी. सूट किती, याबरोबरच ती कोणाला मिळते हेही पाहावं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९७८ साली जनमताने मालमत्ता कराला मर्यादा घातली. घर विकलं जाईपर्यंत त्याचं करमूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही असं ठरलं. परिणामी भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन सारख्या घरांचे, एक जुन्या मालकाचं आणि एक नुकतंच विकलेलं, कर निरनिराळे झाले. सूट कोणाला मिळते, हे दरपत्रकापेक्षा अशा शेजारच्या घरांत दिसतं.

६. फरकातला फरक

आता दुसरी दोन कल्पित गावं घेऊ. समजा ‘अ’ ग्रामपंचायतीने सगळ्या घरांची आणि गोदामांची फेरमोजणी करून नमुना ८ अद्ययावत केला. तीन वर्षांत तिचं करउत्पन्न २० लाखांवरून ३२ लाखांवर गेलं. फेरमोजणीने १२ लाख मिळवून दिले असं म्हणायचं का? थांबा. त्याच तीन वर्षांत परिसरात गोदामं वाढली, सेतू आला, बांधकामं झाली. फेरमोजणी न करणाऱ्या शेजारच्या ‘ब’ गावाचं उत्पन्नही १८ लाखांवरून २४ लाखांवर गेलं. ही ६ लाखांची वाढ सगळ्यांनाच मिळालेली. ती वजा केली की फेरमोजणीच्या पदरात ६ लाख पडतात.

या पद्धतीला फरकातला फरक म्हणतात: एका गावात झालेला बदल, वजा शेजारच्या गावात झालेला बदल. ती चालण्यासाठी एक अट आहे. धोरण येण्याआधीची चार-पाच वर्षं दोन्ही गावांचे आकडे साधारण एकाच चालीने चाललेले असले पाहिजेत. एकात गोदामं आधीच झपाट्याने वाढत असतील आणि दुसरं फक्त मच्छीमारांचं गाव असेल, तर त्यांची जोडी लावू नये. जोडी निवडणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे, आणि ते गावाची माहिती असलेल्या माणसाला अर्थशास्त्रज्ञापेक्षा चांगलं जमतं.

पनवेल महापालिकेची हद्द अशा तुलनेची मोठी संधी आहे. २०१६ साली आत घेतलेली २९ गावं आणि हद्दीला लागून बाहेर राहिलेली, अजूनही ग्रामपंचायत असलेली गावं. महापालिकेत गेल्याने कर किती वाढला, कचरा-पाण्याची व्यवस्था किती सुधारली, याचं उत्तर या दोन गटांच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत आहे. अडथळा कागदांचा आहे: गाव महापालिकेत गेलं की त्याचा वेगळा जमाखर्च बंद होतो, खर्च प्रभागाच्या शीर्षकांत विरघळतो. म्हणून त्या २९ गावांच्या जुन्या पंचायतींची सप्टेंबर २०१६ पर्यंतची दप्तरं जपणं फार मोलाचं आहे. ती एकदा गेली की ‘आधी’चा रकाना कायमचा कोरा राहील.

गावागावांतल्या कर आणि सेवांच्या फरकाबद्दल अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध मांडणी आहे. चार्ल्स टिबू या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली म्हटलं की लोक कर आणि सेवा यांचा मेळ पाहून आपलं गाव निवडतात आणि आवडलं नाही तर उठून दुसरीकडे जातात. या हालचालीमुळे गावांमध्ये स्पर्धा लागते आणि कारभार सुधारतो. खारघर की नेरूळ असा विचार करणाऱ्या भाडेकरूला हे काही प्रमाणात लागू पडेल. शेव्याच्या कोळ्याला नाही. त्याचं गाव त्याने निवडून सोडलं नव्हतं, ते उठवलं गेलं. ज्यांची जमीन, देऊळ, होडी लावायची जागा एका गावाशी बांधलेली आहे त्यांना पाय उचलून मत देता येत नाही. त्यांच्यासाठी आकडे वाचता येणं जास्त गरजेचं आहे, कारण त्यांचं म्हणणं ग्रामसभेतच मांडायचं असतं.

त्यासाठी लागणारे कागद अवघड ठिकाणी नाहीत. महाराष्ट्रात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि जमाखर्च, लेखापरीक्षण अहवाल तिथे मागता येतो. पंचायतींचे खर्च केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतात. वित्त आयोगाच्या निधीसाठी लेखे जाहीर करणं ही अटच आहे. महापालिकांची अंदाजपत्रकं संकेतस्थळावर असतात. जे नसेल त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्यात ‘खर्चाची माहिती द्या’ असं मोघम लिहिण्यापेक्षा वर्ष, शीर्षक आणि नमुना क्रमांक लिहून मागितलं तर उत्तर नेमकं मिळतं.

७. भागायचं कशाने?

दोन गावं लहानमोठी असतात, म्हणून खर्च लोकसंख्येने भागतो आणि दरडोई आकडा काढतो. इथे एक खड्डा आहे. आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा आजच्या पनवेल महापालिकेच्या क्षेत्रात सुमारे ५ लाख १० हजार माणसं होती आणि नवी मुंबईत सुमारे ११ लाख २० हजार. त्यानंतर खारघर, कामोठे, तळोजा या भागांत किती इमारती उभ्या राहिल्या ते लोकलमधूनही दिसतं. आजचा खर्च २०११ च्या माणसांनी भागला तर झपाट्याने वाढलेलं शहर विनाकारण सढळ हाताचं दिसतं.

म्हणून भाजक कामाप्रमाणे बदलावा. पाण्याचा खर्च नळजोडण्यांनी भागा, कराचं उत्पन्न मालमत्तांच्या संख्येने, शाळेचा खर्च पटावरच्या मुलांनी, पथदिव्यांचा खर्च दिव्यांच्या संख्येने. मतदारयादीही उपयोगी पडते, कारण ती वारंवार सुधारली जाते. बंदराच्या वाटेवरच्या गावांत दरडोई रस्तेखर्च तर जवळजवळ निरुपयोगी आहे: तिथल्या डांबरावरून गावातल्या माणसांच्या सायकली-रिक्षांपेक्षा कंटेनरचे ट्रेलर जास्त जातात आणि खड्डे त्यांच्या वजनाने पडतात. तिथे किलोमीटरमागचा खर्च पाहावा आणि तो रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, सिडकोचा की बंदराचा, हे आधी तपासावं.

पैशाशेजारी वस्तूही मोजावी. दिवसाआड पाणी येतं की रोज, किती तास. वर्षात किती दिवस पथदिवे बंद होते. ओला कचरा वेगळा उचलला जातो का. दोन गावांचा नळजोडणीमागचा खर्च सारखा आणि एका गावात पाणी रोज, दुसऱ्यात तिसऱ्या दिवशी, तर आता खरी चौकशी सुरू करता येईल: गळती किती, पंपाचं वीजबिल किती, एमआयडीसीची थकबाकी किती.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरला आहे. ते आकडे आले की या पट्ट्यातले सगळे दरडोई हिशेब बदलतील, काही शहरांचे पार उलटे होतील. तेव्हा आज वहीत दरडोई आकडा लिहिताना त्याच्या शेजारी भाजक कोणता आणि कोणत्या वर्षाचा तेही लिहून ठेवावं, आणि नवे आकडे आल्यावर जुना रकाना खोडू नये. २०११ ते २०२७ मधल्या वर्षांची माणसं त्या दोन टोकांच्या मधूनच मोजावी लागणार आहेत.